काशीनाथ, तुझ्या यंत्राला शून्य चालत नव्हतं

काशा, शोकसभा झाली. शाळेच्या अंगणात माझाच मांडव, माझाच माईक, माझाच भोंगा आणि बोलायलाही शेवटी मीच. मी फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो, हात मागं बांधले आणि तुझ्या आवाजात म्हणालो, "मागं कोण खिदळायलंय रे? मला पाठीला डोळे हायत." सगळं अंगण हसलं. तुझी बायको महानंदाअक्कासुद्धा पदर तोंडाला लावून हसली. ते हसणं रडण्यात कधी गेलं हे तिचं तिलाही कळलं नसेल.

टाळ्या पडल्या. मी खाली उतरून खुर्चीत बसलो आणि लक्षात आलं, जे सांगायला उभा राहिलो होतो ते सांगितलंच नाही. सभेत ते सांगताही आलं नसतं. तिथं गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं, आणि ही गोष्ट सांगायची तर मला स्वतःबद्दल वाईट बोलावं लागलं असतं. म्हणून हे लिहायला बसलो. थकलोय रे. नकला करून, हसवून, लोकांच्या लग्नांत ओरडून थकलोय. थकलेल्या माणसाला खोटं बोलायचा कंटाळा येतो, तेवढा एक फायदा.

वाचणाऱ्यांना ठाऊक नसेल म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी, तू रागावू नको. औरादपासून कोसभरावरच्या आपल्या गावात तू मराठी शाळेचा मास्तर. बिदरला जाऊन गणिताची पदवी घेतलीस आणि पहिलीच्या पोरांना एक ते शंभर शिकवत राहिलास. मी मल्हारी. आमच्या वाडवडिलांनी मेंढरं हाकली, मी भोंग्यावरून माणसं हाकतो. औरादच्या बाजारात माझं मंडप-लाउडस्पीकरचं दुकान. आपण दोघं एकाच बाकावर बसलो, एकाच छडीचा मार खाल्ला. तुझ्या घरी लिंगपूजा, माझ्या घरी खंडोबाची तळी, आणि दोन्हीकडच्या प्रसादावर दोघांचा हक्क. एवढं पुरे.

आता ते यंत्र.

शाळेत रुजू व्हायच्या आधी तू ज्याची गणिताची शिकवणी घ्यायचास तो संतोष हैदराबादला कॉम्प्युटर शिकला आणि तिथून अमेरिकेला उडाला. मे महिन्यात गावी आला तेव्हा सरांसाठी काय आणलंय ते बघायला अख्खी गल्ली तुझ्या ओसरीवर जमली. मला वाटलं घड्याळ असेल. डब्यातून निघालं काय? टीव्हीच्या रिमोटला पोट सुटावं आणि कपाळावर काच बसवावी तसं एक काळं डबडं.

"सर, हा ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर. तिकडं हायस्कूलची पोरं वापरतात."

गल्ली निराश होऊन घरी गेली. तू मात्र त्या डबड्याकडं असा बघायला लागलास की मला तुझं लग्न आठवलं. तेव्हाही तुझा चेहरा एवढा खुलला नव्हता. त्याला बारीक चार सेल लागत होते. औरादमध्ये रेडिओचे जाड सेल तेवढे मिळायचे. तू त्याच दुपारच्या बसनं बिदरला गेलास आणि सेल घेऊन परत आलास. मग दोन दिवस मांडीवर डिक्शनरी घेऊन ती इंग्रजी पुस्तिका वाचत बसलास. तिसऱ्या दिवशी मला निरोप, "ये. यंत्र जेवायला बसायलंय."

जेवायला काय घातलंस त्याला? शाळेचं प्रवेशाचं रजिस्टर. तू रुजू झालास त्या वर्षापासून पहिलीत किती पोरं आली, दरसालचा आकडा. एक्केचाळीस, पस्तीस, तीस, पंचवीस, बावीस, अठरा, सोळा, तेरा. मी वाचत होतो, तू भरत होतास. वाचताना मला तसं काही वाटलं नाही. आकडे मोठ्यानं वाचायची मला सवय आहे, जत्रेतल्या सोडतीत तेच करतो.

डाव्या रकान्यात वर्ष, उजव्या रकान्यात पोरं. पहिल्यांदा तू वर्ष म्हणून अख्खं चार आकडी इसवी सन भरलंस आणि बटण दाबलंस. यंत्रानं हात वर केले. आकडा एवढा फुगला की माझ्यात मावत नाही, असं काहीतरी इंग्रजीत म्हणालं.

"इसवी सन परदेशी पडतंय," मी म्हणालो, "त्याला शालिवाहन शक दे."

आणि तू, गणिताचा पदवीधर, खरंच शक भरून बघितलास! पुन्हा तेच.

"मग निजामाचं फसली साल टाक. आपल्या आज्याच्या जमिनीच्या कागदावर तेच हाय."

तेव्हा तू डबडं मांडीवर ठेवलंस आणि पोट धरून हसत सुटलास. हसता हसता मध्येच थांबलास. तुझं हे थांबणं मला लहानपणापासून माहीत. काहीतरी सापडलेलं असायचं.

"मल्ल्या, बघ. हे सगळे सन लांबच्या शून्यापासून मोजायलेत. ह्या बिचाऱ्याला दोन हजार वर्षं मागं जाऊन, तिथं आपल्या पहिलीत किती पोरं होती ते काढावं लागायलंय. पोरं दरसाल कमी व्हायलीत, म्हणजे मागं जावं तशी वाढत जाणार. तिथंवर गेलं तर आभाळात चांदण्या नसतील इतकी पोरं निघतील."

"तेवढ्यांना खिचडी कोण शिजवणार?"

तू डावा रकाना पुसलास. तुझं रुजू व्हायचं वर्ष एक, पुढचं दोन, त्याच्या पुढचं तीन. बटण दाबलंस. काचेवर दोन अक्षरं उमटली, आपण त्यांना अ आणि ब म्हणत आलो. अ अठ्ठेचाळीस आणि वर काहीतरी. ब शून्य दशांश पंच्याऐंशी.

"अ म्हणजे सुरुवात," तू म्हणालास, "आणि ब म्हणजे सवय. शंभरातली पंच्याऐंशी उरायची, पंधरा जायची सवय. दरसाल, उरलेल्यांतली."

"सुरुवात अठ्ठेचाळीस कशी? तुझ्या पहिल्या साली तर एक्केचाळीस होती."

"एकच्या आधी शून्य येतंय की. म्हणजे मी यायच्या आदल्या साली."

आपण एकमेकांकडं बघितलं. मग शाळेतलं ते गंजलेलं कपाट, त्याची न लागणारी किल्ली, कडेनं वाळवी खाल्लेलं जुनं रजिस्टर. तुझ्या आदल्या सालची पहिली: सत्तेचाळीस. एका पोराचा फरक! तू नाचलास, काशा. विभूती लावलेल्या कपाळानं, धोतराचा सोगा हातात धरून, व्हरांड्यात दोन गिरक्या घेतल्यास. मीही घेतल्या. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, मास्तरला लॉटरी लागली. कशाचा आनंद झाला होता आपल्याला? शाळा कशी रिकामी व्हायलीय ते बरोबर कळलं, ह्याचा.

पण मी भांडायचं सोडलं नव्हतं. मी म्हणालो, एवढं वाकडं कशाला? सरळ रेघ मार. दरसाल चारेक पोरं कमी होतात, संपलं.

"सरळ रेघ?" तू ती पण यंत्रात घातलीस. "बघ मग. बाराव्या साली तुझ्या रेघेनं पहिलीत किती येणार? उणे चार. उणे चार पोरांची हजेरी कशी घेऊ, सांग."

"ती येतील आणि फळ्यावरचं पुसून जातील."

"हसू नको. माणसं रेघेनं जात न्हाईत रे. दरसाल मोजून चार घरं उठत न्हाईत. एक गेला हैदराबादला, तो भावाला बोलावतो, भाऊ मेव्हण्याला. जितकी उरलीत त्यातली काही जातात. उरलेली कमी झाली की जाणारी पण कमी. म्हणून हे वळण. हे खाली खाली जातंय, पण बुडाला टेकत न्हाई. माझी शाळा ह्या वळणावर हाय."

"मग पुढं पुढं वर्गात अर्धं पोरगं येणार म्हण की."

"आत्ताबी येतंय. तुझा थोरला, विशाल. दुपारच्या सुट्टीत पळतो तो दिसतच न्हाई."

त्या भांडणात तू जिंकलास, हे आज लिहून देतो. तेव्हा दिलं नाही. यंत्रानं पुढच्या सालचा आकडा काढला: अकरा. जूनमध्ये अकराच आले. तू सायकल मारत दुकानावर आलास, लांबूनच हाताची दहा बोटं दाखवत, वर एक. मी गिऱ्हाइकाला सोडून मिठी मारली. मग तू माझ्या बाकड्यावर बसलास, पाणी प्यालास आणि हळूच म्हणालास, "मल्ल्या, चुकलं असतं तर बरं झालं असतं रे."

त्यानंतरच्या वर्षाबद्दल मला बोलायचं आहे.

औरादमध्ये पत्र्याच्या शेडात एक इंग्रजी शाळा निघाली. नाव नको. त्यांना गावोगाव पुकारा करणारा माणूस पाहिजे होता, आणि ह्या भागात पुकारा म्हटलं की मल्हारी. मी आव्हान घेतल्यासारखं घेतलं. रिक्षाला दोन भोंगे बांधले आणि सुरू झालो: "ऐका हो ऐका! टाय बांधणारी शाळा आली! बूट घालणारी शाळा आली! सकाळी लेकरू गुड मॉर्निंग म्हणणार, ओसरीवरून म्हातारी थँक्यू म्हणणार! शाळेची गाडी दारात येणार, कुत्रीसुद्धा बाजूला होऊन सलाम करणार!" बायका चुली सोडून दारात आल्या. पोरं रिक्षामागं धावली. काशा, मी रंगात आलो होतो. रंगात आलेला नट कुठल्या नाटकात उभा आहे ते बघत नाही.

रिक्षा तुझ्या शाळेच्या फाटकाजवळ आली. तू बाहेर आलास, हातात खडू, मागं पोरं. मी तुला बघितलं, तू मला.

मी आवाज कमी केला. बंद केला नाही.

त्या जूनमध्ये वळण साडेनऊ म्हणत होतं. आले चार.

महिन्याभरानं तू मला व्हरांड्यात बसवून काच दाखवलीस. वळण होतं, त्यावर आधीचे ठिपके तारेवर चिमण्या बसाव्यात तसे ओळीत बसलेले. आणि एक ठिपका खाली पडलेला.

"हा तुझा हाय," तू म्हणालास. आवाज चढवला नाहीस.

"एका भोंग्यानं काय होतंय? धाडायचं ज्यांच्या मनात होतं त्यांनी धाडलं."

"वळण खाली जाणारच होतं. त्याचं खापर मी तुझ्यावर फोडत न्हाई. पण वळणाच्या आणि ठिपक्याच्या मधली ही जागा बघ. एवढीच तुझी."

करंगळीचं नखसुद्धा मावणार नाही एवढी जागा होती ती. तिच्यावरून आपण किती वर्षं भांडलो! मी म्हणायचो, त्या साली दोन घरं पुण्याला गेली. तू म्हणायचास, ती वळणात धरलेली हायत. मी म्हणायचो, तुझं यंत्र अमेरिकन, त्याला औराद काय कळतंय? तू म्हणायचास, यंत्राला न्हाई कळत, मला कळतंय. मग महानंदाअक्का आतून ओरडायची, "त्या डबड्याला हिरीत टाकते बघा एक दिवस!" आणि दोघं गप चहा प्यायचो.

पुढची सालं रखडत गेली. पाच, तीन, चार, दोन. तू एप्रिल-मेमध्ये दारोदार फिरायचास, आधी सायकलवर, मग पायी. मास्तरांनी उन्हाळ्यात घरोघरी जाऊन पहिलीची पोरं मागायची ही आपल्याकडची रीतच. तुला प्रत्येक घरातल्या लेकराचं वय तोंडपाठ. पाळण्यातल्या पोराला बघून म्हणायचास, "हे अजून पाच सालांनी माझं."

मग एका साली जून गेला आणि पहिलीत कुणीच आलं नाही.

तू तेही यंत्रात भरलंस. मी समोर बसलो होतो. बटण दाबलंस, यंत्रानं चूक दाखवली. तू पुन्हा दाबलंस. पुन्हा चूक. सेल बदललेस. शेवटी तू चष्मा काढून पुसलास.

"शून्य घ्यायला तयार न्हाई हे."

"कामून?"

"हे वळण गुणाकाराचं हाय. कितीबी वेळा पंच्याऐंशी टक्के करा, थोडं उरतंच. शून्य ह्याच्या हिशोबात येतच न्हाई. शून्य आलं की ह्याचं गणितच उभं राहत न्हाई."

तुझा चेहरा मला बघवेना, म्हणून मी सवयीनं मस्करी केली. जड वेळ आली की मी मस्करी करतो, हे तुझ्याएवढं कुणाला माहीत?

"मग एक टाक की लेका. कोण बघायलंय?"

"टाकतो," तू म्हणालास. "नाव सांग."

मी हसलो. तू हसला नाहीस.

"रेणू सहाची झाली न्हवं?"

रेणुका, माझं शेंडेफळ. तुझ्या ओसरीवर रांगलेली. तू मला सरळ मागितलीस. मग म्हणालास, आणि ते शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत: "यंत्रासाठी मागत न्हाई मल्ल्या. दारोदार फिरतो तवा लोक काय विचारतात माहीत हाय? मास्तर, तुमच्या दोस्ताची पोरगी कुठं घालायलेत? मी म्हणतो, अजून ठरलं न्हाई. दोन सालं झाली हेच सांगायलोय. मला दारात द्यायला एक उत्तर पाहिजे."

काशा, त्याच्या आदल्या आठवड्यात विशालचा पुण्याहून फोन आला होता. मोबाईलच्या दुकानात लागला होता तो. म्हणाला, "बाबा, गिऱ्हाईक इंग्लिशमध्ये बोलाय लागलं की मी मागं जाऊन खोकी लावतो. रेणूला तसं करू नका." हे मला तुला सांगता आलं असतं. तू ऐकलं असतंस. वाद घातला असतास, विशाल पळून जायचा त्याचं काय म्हणाला असतास, आणि मग बहुतेक मान हलवून समजूनही घेतलं असतंस. मी काय केलं? चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "दुकानात गिऱ्हाईक थांबलंय."

"बरं," तू म्हणालास.

सगळ्या तालुक्याला ओरडून सांगणाऱ्या मला तुझ्यासमोर एक 'न्हाई' म्हणता आलं नाही. ते तुला सोमवारी रेणूनं सांगितलं. शाळेची गाडी तुझ्या फाटकासमोरून गेली, ती खिडकीतून टाय हलवत ओरडली, "गुड मॉर्निंग, काका!" तू हात वर केलास आणि म्हणालास, "गुड मॉर्निंग, रेणुका." हे मला तिनंच घरी येऊन सांगितलं, फार आनंदानं.

त्यानंतर तू यंत्र काढलं नाहीस. मी विषय काढला नाही. आपण नेहमीसारखे भेटत राहिलो, आणि नेहमीसारखं काहीच नव्हतं. एवढंच काय, रेणूच्या इंग्रजी पुस्तकातली गणितं तिला येईनात तेव्हा ती वही घेऊन तुझ्याकडं यायला लागली. तू शिकवलंस. तुझ्या मोकळ्या वर्गासमोरच्या व्हरांड्यात बसून, जी पोरगी तुला दिली नाही तिला तू दोन वर्षं भागाकार शिकवलेस, मराठीत समजावून, इंग्रजीत लिहून घेऊन. परीक्षेत तिला चांगले गुण पडले तेव्हा मी पेढे घेऊन आलो. तू पेढा तोंडात टाकलास आणि म्हणालास, "पोरीचं डोकं तुझ्यावर गेलं न्हाई, देवाची कृपा." मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. तोंडात पेढा होता. माझ्या तोंडात नेहमी काहीतरी असतंच.

तू गेलास त्या दिवसाबद्दल मी लिहीत नाही. बिदरच्या वाटेवर गाडीत काय झालं ते महानंदाअक्काचं आहे, तिच्याजवळ राहू दे. लिंगायतांच्या रीतीनं मातीत तुला बसवलं, हातात इष्टलिंग दिलं, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही मूठभर माती टाकली.

सभेनंतर सुवर्णाबाईंनी, तुझ्या शाळेवर नव्यानं आलेल्या बाईंनी, तुझी वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "कपाटात होती. तुमचं नाव बऱ्याच ठिकाणी हाय, म्हणून तुम्हाला." मला माहीत होतं, तू प्रत्येक ठिपक्यापुढं कारण लिहायचास. खोटं तू लिहीत नव्हतास. मी घरी जाईपर्यंत धीर धरला नाही, फाटकाशीच उभा राहून पानं उलटली.

माझं नाव होतं. शालिवाहन शकाजवळ: "मल्हारीची सूचना, निष्फळ." सत्तेचाळीसजवळ: "मल्हारी व मी नाचलो." उणे चारजवळ: "मल्हारी म्हणतो ती फळा पुसून जातील." आणि त्या पडलेल्या ठिपक्यापुढं, जिथं मी भोंगा घेऊन गेलो होतो, तुझ्या गोल अक्षरात: "पाऊस लांबला."

त्या साली पाऊस वेळेवर आला होता, काशा. तोंडावर तू मला एवढी जागाही सोडली नव्हतीस. कागदावर मात्र, जिथं दुसरा कुणी वाचेल, तिथं तू आयुष्यातलं एक खोटं माझ्यासाठी लिहून ठेवलंस. मी फाटकाला धरून उभा राहिलो. तुझ्यावर रागावलो. असलं काही करून माणसानं मरू नये.

सुवर्णाबाई मागं आल्या होत्या. म्हणाल्या, "मामा, जून जवळ आलाय. सर दारोदार फिरायचे. मला ह्या गावात कुणी ओळखत न्हाई. तुम्ही येताव का बरोबर?"

गेलो. पायी. भोंगा नाही, रिक्षा नाही. उन्हानं गुडघे भरून आले. पहिल्या घरी कुलूप, माणसं हैदराबादला. दुसऱ्या घरी पोरगं आधीच गाडीत बसायला लागलेलं. तिसऱ्या घरात आम्हाला ताक मिळालं आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलणं मिळालं. चौथं घर नागनाथचं. हैदराबादला गवंडीकाम करतो, बायको-पोरगी गावातच; बहिणीच्या लग्नाला आला होता. त्याची सहा वर्षांची पोरगी खांबाआड उभी राहून आमच्याकडं बघत होती.

"बसा मामा," त्यानं सतरंजी टाकली. बाईंचं बोलणं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बघत म्हणाला, "राग मानू नका. पण तुमची रेणू कुठं शिकायलीय?"

हा प्रश्न तू किती दारांत उभा राहून ऐकलास रे? माझ्याकडं कुठल्याही प्रश्नाला तीन उत्तरं तयार असतात, त्यातली दोन हसवणारी. त्या ओसरीवर मी तिन्ही बाजूला ठेवली. बाई माझ्याकडं बघायला लागल्या.

"इंग्रजी शाळेत," मी म्हणालो. "मास्तरनं मागितली होती. दिली न्हाई मी. ते चूक केलं का बरोबर, आजबी सांगता येत न्हाई मला. पोरीचं बरं चाललंय. पण त्याच्या तोंडावर न्हाई म्हणायला पाहिजे होतं, आणि मी गिऱ्हाइकाचं निमित्त करून उठून आलो. ते चुकलं माझं."

जे तुला म्हणायचं होतं ते मी नागनाथ गवंड्याला म्हणालो. तो सतरंजीचा दोरा ओढायला लागला.

"मग आमची कामून मागायलाव?"

"मी मागायलो न्हाई बाबा. तो दरसाल येत होता. ह्या साली त्याला येता येत न्हाई, म्हणून मी आलोय."

आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "ह्या बाई सरांसारखं शिकवतेत का?"

"सरांसारखं न्हाई येणार," सुवर्णाबाई म्हणाल्या. "पण रोज येईन."

नागनाथ म्हणाला, "बघू." बघू म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको. आम्ही उठलो. गल्लीत ऊन तापलं होतं. पाचव्या घराशी आल्यावर बाई थांबल्या.

"मामा, इथंबी तेच विचारतील हो."

"विचारू दे की," मी म्हणालो आणि कडी वाजवली.